घर घेण्याआधी सातबारा वाचा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेत मी कधी भाषण केलं नाही, बाईंना आठवत असेल. आज उभी राहिले ती आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. वर्षभरात तिथे पाच-सहा जणांनी एकच प्रश्न विचारला: पोरगा रांजणगावला, नाहीतर कुरकुंभला कामाला लागलाय, पहिलं घर घ्यायचंय, काय बघू? मी सॉफ्टवेअरवाली, वकील नाही. पण या विषयात आमच्या घराने फी भरलेली आहे.

वडील दौंडला रेल्वेत होते. आमच्या क्वार्टरमध्ये तुमच्यातले निम्मे जेवून गेलेत. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून त्यांनी १९९४ साली शिरूरजवळ दोन गुंठे घेतले. शंभराच्या स्टॅम्पवर साठेखत, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, वर पेढे. सातबाऱ्यावर मात्र त्यांचं नाव कधीच चढलं नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याला शेतजमिनीच्या एवढ्या लहान तुकड्याचा व्यवहार मान्य नव्हता. आणि साठेखत म्हणजे पुढे विकण्याचं वचन, मालकी नव्हे. कर्जासाठी गेले तेव्हा बँकेने पाच मिनिटांत कागद परत दिला. तोवर मूळ मालक वारला होता आणि उताऱ्यावर अकरा वारस लागले होते. वडील गेले तेव्हाही आमचा पत्ता भाड्याच्या खोलीचाच होता.

तुकडेबंदीत सरकारने अलीकडे सवलती दिल्यात. पण त्या तुमच्या गटाला लागू आहेत का, हे तहसीलमध्ये जाऊन विचारा. एजंट सांगतो म्हणून धरून चालू नका.

प्लॉट बघताना रस्ता, पाणी, भाव सगळेच बघतात. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना कुणी वाचत नाही, आणि मेख तिथेच असते. सोसायटीचा बोजा, कूळ, कोर्टातला दावा, 'तुकडा' असा शेरा. आपल्या दोन्ही तालुक्यांत धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे शेरेही सापडतात. 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं दिसलं तर परवानगीशिवाय विक्री होत नाही, थांबा. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो. सोबत जुने फेरफारही काढा. विकणाऱ्याचं नाव त्या जमिनीवर आलं कसं, ते तिथे कळतं.

फ्लॅटचं थोडं वेगळं. सॅम्पल फ्लॅट म्हणजे आमच्या भाषेत डेमो. डेमो नेहमीच चालतो! जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅटही आठांपेक्षा जास्त असतील तर महारेराची नोंदणी लागते, प्लॉटिंगलासुद्धा. बोर्डावरचा नंबर साइटवर टाकून ताबा कधीचा लिहिलाय, दावे किती आहेत, ते स्वतः वाचा. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला मागता येत नाहीत. "आज भरा, उद्या रेट वाढतोय" म्हणाला तर उद्याच जा. भाव कार्पेट एरियावर काढा. आणि भोगवटा प्रमाणपत्र नसताना किल्ली घेऊन वास्तुशांत उरकू नका.

मैत्रिणींनो, राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. हे घरी कसं सांगायचं ते ज्याचं त्याने बघावं.

मी २०१४ ला फ्लॅट घेतला तेव्हा बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट मागून घेतला आणि दोन रात्री बसून वाचला. आई म्हणाली, "एवढं तर दहावीला पण वाचलं नव्हतंस."

वडिलांचा तो स्टॅम्प पेपर आज पर्समध्ये आणलाय. जेवणानंतर ज्याला बघायचाय त्याने या. आणि कुणाच्या मोबाइलमध्ये सातबारा असेल तर तोही घेऊन या, एकत्र बसून वाचू.