सदाशिव अमरापूरकर : आवाज न चढवणारा नट

(छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वाळूज मागे टाकून, कायगाव टोक्याचा पूल ओलांडून, नेवासे फाटा आणि घोडेगाव करत आपण नगरला पोचतो. कागदोपत्री आता ते अहिल्यानगर झालं आहे. त्या गावानं घडवलेल्या एका नटाबद्दल आज बोलायचं आहे. देशभरच्या प्रेक्षकांनी त्यांना खलनायक म्हणून ओळखलं, घरचे आणि मित्र मात्र त्यांना 'तात्या' म्हणत. सदाशिव अमरापूरकर. हे नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतलं. मूळ नाव गणेशकुमार नरवोडे, जन्म ११ मे १९५०. पुणे विद्यापीठातून त्यांनी इतिहासात एम. ए. केलं. १९७९ साली नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' या चित्रपटात लोकमान्य टिळकांची भूमिका त्यांच्याकडे आली, तेव्हा ती इतिहासाच्या विद्यार्थ्याच्याच वाट्याला आली म्हणायची.

जिल्ह्याच्या गावातला हौशी नट कसा घडतो, हे या सभागृहात बसलेल्या अनेकांना मी सांगायला नको. राज्य नाट्य स्पर्धा तोंडावर आलेली असते. दिवसभराची नोकरी आटोपून मंडळी एखाद्या शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालमी करतात. नटच नेपथ्याला हात लावतो, नटच तिकिटं खपवतो, आणि आज ज्याला छोटी भूमिका आहे तो पुढच्या वर्षी दिग्दर्शक असतो. अशा ठिकाणी 'माझं काम एवढंच' असं म्हणायची सोय नसते. अमरापूरकर याच मुशीतले. मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर ते गेले तेव्हा संपूर्ण नाटक वाचायची सवय बरोबर घेऊन गेले. स्वतःच्या वाक्यांखाली रेघा मारून थांबणारे ते नव्हते.

भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर यांच्या 'हँड्स अप' या नाटकात अमरापूरकर काम करत होते. गोविंद निहलानींनी त्यांना तिथे पाहिलं आणि 'अर्धसत्य'साठी निवडलं. १९८३ चा हा चित्रपट श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवर आधारलेला आहे आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरी सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, आणि अमरापूरकर रामा शेट्टी.

इथे थोडं थांबू या, कारण माझ्या मते हिंदी पडद्यावरच्या खलनायकाची भाषाच या भूमिकेनं बदलली. त्याआधीचा खलनायक कसा असायचा? मोठी हवेली, भडक कपडे, गडगडाटी हसणं, आणि तोंडी एखादं ठरलेलं वाक्य. रामा शेट्टी लुंगीत असतो. तो घाईत नसतो. समोर वर्दीतला अधिकारी रागानं ताठ उभा असतो आणि हा मात्र घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा सावकाश बोलतो. शब्द आणि शब्दाच्या मध्ये तो जी जागा सोडतो, तिथे समोरच्याला स्वतःची किंमत कळते. वेलणकर दात आवळतो, मानेच्या शिरा ताणतो. शेट्टी काहीच ताणत नाही. ज्याच्या एका फोनवर वरची माणसं हलतात, त्याला आवाज चढवायची गरजच काय? हे अमरापूरकरांनी ओळखलं आणि ती गरज नसणंच त्यांनी अंगात आणलं. तो नगरसेवकपदाची निवडणूक लढवणारा गुंड आहे, हे लक्षात घ्या. गुंडाचं पुढाऱ्यात रूपांतर होतानाचा तो नेमका काळ आहे. अशी माणसं आपण सगळ्यांनी जवळून पाहिली आहेत. गोड बोलतात, चहा पाजतात, काम करून देतात. अडकलेला वेलणकर शेवटी मदतीसाठी त्याच्याच दारात जातो, तेव्हा शेट्टी मदत नाकारत नाही. तो ती देऊ करतो, आणि त्याच क्षणी वेलणकरचे हात त्याच्या गळ्याभोवती जातात. शेट्टी आरडाओरडा करणारा असता तर हा शेवट साधी मारामारी झाला असता.

याच शहरात प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली. क्षणात माणूस बदलायचा, आणि तो बदल पाहणं हाच आपला आनंद होता. अमरापूरकरांची रीत अगदी उलटी. माणूस बदलल्याचं ते दिसूच देत नाहीत. आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या मुलांना माझी एक विनंती आहे. शेट्टी आणि वेलणकर समोरासमोर येतात ते प्रवेश एकदा आवाज बंद करून पाहा, आणि एकदा डोळे मिटून नुसते ऐका. दोन्ही वेळेला भीती तेवढीच वाटते.

'अर्धसत्य'साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं, आणि चरित्रलेखक बहुधा तिथून सरळ मुंबईच्या चित्रपटसृष्टीत शिरतात. त्याच १९८३ सालची दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्या वर्षी तेंडुलकरांचं 'कन्यादान' रंगभूमीवर आलं आणि त्याचं दिग्दर्शन अमरापूरकरांनी केलं. नाथ देवळालीकर या समाजवादी नेत्याची मुलगी ज्योती ही अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते. नाथला वाटतं, आपली तत्त्वं आता घरात उतरली. मग मुलगी मार खाऊ लागते आणि नाथच्या पायाखालची जमीन सरकते. नाथच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते.

हे नाटक मराठवाड्यात कसं ऐकलं जात असेल, याची कल्पना करा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला १९७८ च्या जुलैत, आणि त्यानंतर इथल्या गावागावांत दलित वस्त्यांवर काय गुदरलं ते आपल्याला ठाऊक आहे. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. १९८३ हे साल त्या आगीच्या मधोमध येतं. अरुणच्या चित्रणावर दलित वाचकांनी आणि प्रेक्षकांनी घेतलेले आक्षेप मला आजही रास्त वाटतात. पण एका तरुण दिग्दर्शकानं असं नाटक हाती घ्यावं आणि त्याच सुमारास त्याच लेखकाच्या पटकथेत रामा शेट्टी उभा करावा, यावरून त्याच्या मनाला कोणते प्रश्न भिडत होते ते समजतं. चांगल्या हेतूचा पराभव आणि वाईट हेतूचा गोडवा, दोन्ही त्यांनी एकाच वर्षी हाताळले.

पुढचा काळ मी भराभर सांगतो. १९८७ चा 'हुकूमत' जोरात चालला आणि मोठ्या आवाजाच्या भूमिकांची रांग लागली. महेश भट यांच्या 'सडक'मध्ये (१९९१) त्यांनी कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी 'महाराणी' रंगवली. फिल्मफेअरनं सर्वोत्कृष्ट खलनायकाचं पारितोषिक सुरू केलं ते त्याच वर्षीच्या चित्रपटांपासून, आणि पहिलं मिळालं ते अमरापूरकरांना. अभिनय म्हणून ते काम जबरदस्त आहे यात वाद नाही. तृतीयपंथी माणूस म्हणजे क्रूर आणि भयानक, हा समज त्या चित्रपटानं घट्ट केला, हेही तितकंच खरं, आणि त्या समाजातल्या कुणी आज त्याबद्दल राग धरला तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. 'आँखें' (१९९३) आणि 'कुली नं. १' (१९९५) यांनी त्यांना विनोदात ओढलं. तिथेही ते चोख होते. पण ज्या नटाला शांत बसून पडदा धरून ठेवता येत होता, त्याला हिंदीनं वर्षानुवर्षं ओरडायला लावलं, याची मला मनापासून खंत वाटते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'दोघी' (१९९५) आणि 'वास्तुपुरुष' (२००२) या चित्रपटांत त्यांना पुन्हा मराठी माणसांत आणलं. ते दोन्ही चित्रपट जरूर बघा.

चळवळींशी त्यांचं नातं जाहिरातीपुरतं नव्हतं. कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात ते डॉ. लागू आणि निळू फुले यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर होते. १९७२ नंतरचा सर्वांत वाईट म्हणावा असा दुष्काळ २०१३ साली आपल्याकडे पडला होता. जालना आणि बीड टँकरवर जगत होते, जनावरं छावण्यांत होती. त्या मार्चमध्ये मुंबईत वर्सोव्याला, त्यांच्या घराजवळ, होळीच्या निमित्तानं पाण्याचे फवारे उडवून नाच चालला होता. त्यांनी हरकत घेतली. पाण्याची अशी उधळपट्टी करू नका म्हणाले, आणि त्यासाठी त्यांना मारहाण झाली. त्यांची साठी उलटली होती. घरात दार लावून बसायला काहीच अडचण नव्हती. आपल्या घागरींसाठी मार खाल्लेला हा माणूस आपल्या जिल्ह्याचा नव्हता, एवढंच सांगतो.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'बॉम्बे टॉकीज' आला. त्यातल्या दिबाकर बॅनर्जींच्या भागाला सत्यजित राय यांच्या पटोलबाबूच्या कथेचा आधार आहे. चित्रीकरण चालू असताना एका साध्या माणसाला एवढंच काम मिळतं, की रस्त्यात नायकाला धडकायचं. तो माणूस नवाजुद्दीन सिद्दिकी. आणि भूमिका केवढी हे न मोजता ती पूर्ण कर, असं त्याला बजावायला येणारा त्याचा दिवंगत नाट्यगुरू म्हणजे अमरापूरकर. मोजकी मिनिटं आहेत. पण तालमीतला करडा मास्तर, शिष्यावरची माया आणि रागही, सगळं त्यांत आहे. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

सभागृहात काही ज्येष्ठ मंडळी दिसत आहेत. त्यांच्यापैकी कुणी 'कन्यादान'चा त्या काळातला प्रयोग पाहिला असेल, तर प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांनी करावी. प्रयोग संपल्यावर बाहेर पडताना लोक काय बोलत होते, ते मला ऐकायचं आहे.