परक्या शहरात पाठ टेकण्यापुरती जागा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भनपुरी येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता निवडावा हा मोठाच पेच पडला. वाङ्मय, इतिहास, संगीत यांवर बोलणारे अधिकारी वक्ते आपल्यात आहेत. आमचे शिक्षण बी. ए. पर्यंतचे आणि हयात गेली केंद्र सरकारच्या चाकरीत, म्हणजे बव्हंशी फिरतीवर. या फिरतीने आम्हांस एकच विद्या दिली आणि ती म्हणजे परक्या मोठ्या शहरात थोडक्या खर्चात आणि मानाने रात्र कशी काढावी, ही. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्याची गरज किती वेळा पडते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

आपले वाडवडील कोणी भोसल्यांच्या राजवटीत, कोणी मध्यप्रांताच्या कचेऱ्यांत, कोणी रेल्वेच्या कामावर, तर कोणी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत असताना या छत्तीसगढात आले. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. तेथे प्रत्येकाचा कोणी ना कोणी आत्या-मामा असे आणि उतरण्याची चिंता नसे. पुढे राजधानी भोपाळला गेली आणि २००० साली ती आपल्या दारी रायपुरास आली. पण मुलांच्या परीक्षा, मुलाखती, आजारपणे, लग्नकार्ये यांसाठी मुंबई, दिल्ली आणि कलकत्ता यांच्या वाऱ्या काही चुकल्या नाहीत. मुंबईतील नातलगांची घरे लहान. तेथे दोन दिवसांचा पाहुणा गोड, आठ दिवसांचा मात्र जड होतो. अशा वेळी मध्यमवर्गीय माणसाने जावे कोठे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर आम्हांला ठेच लागूनच मिळाले. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंना घशाचा विकार जडला आणि येथील डॉक्टरांनी त्यांना परळच्या टाटा रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला. आम्ही दोघे भाऊ आणि वहिनी असे तिघे मुंबईस उतरलो. स्थानकाबाहेर एका दलालाने बॅग हातातून जवळजवळ हिसकावूनच एका लॉजमध्ये नेले. खोली पाहण्याआधी आम्ही पैसे मोजले, ही आमची पहिली चूक. खिडकी उघडली तो समोर हातभर अंतरावर भिंत. सकाळी हिशेबात गरम पाण्याची बादली, जादा गादी आणि कसलासा ‘सर्व्हिस’ आकार निघाला. तीन रात्रींत आमच्या तेव्हाच्या पगाराचा चौथा हिस्सा संपला आणि उपचाराला तर अजून आरंभही झालेला नव्हता. दादा काही बोलले नाहीत, पण रात्री ते वहिनींना म्हणत होते, “परत जाऊ या. हा खर्च झेपायचा नाही.” ते शब्द ऐकून आम्ही कुशीवर वळलो, झोप मात्र आली नाही.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या रांगेत संगमनेरकडच्या एक बाई भेटल्या. आमची रड ऐकून त्या म्हणाल्या, “भाऊ, दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत विचारलंत का? दवाखान्याचा कागद घेऊन जा.” आम्ही सरकारी अधिकारी, बी. ए. झालेले, आणि ही माहिती आम्हांस मिळाली ती एका शेतकरी बाईकडून. तेथे लगेच जागा नव्हती. दोन दिवस थांबावे लागले. पण जागा मिळाली तेव्हा दादांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आजूबाजूला सगळे त्याच आजाराचे सोबती. कोणाची तपासणी केव्हा, कोणाला कोणते अन्न गिळता येते, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, हे ज्ञान तेथे फुकट मिळत असे. बंधुभगिनींनो, असले ज्ञान कोणत्याही पंचतारांकित हॉटेलात विकत मिळत नाही.

गाडगे महाराज मूळचे आपल्या वऱ्हाडातले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले. हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे एवढ्या सामग्रीनिशी त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र त्यांत वास्तव्य केले नाही, असे सांगतात. त्यांच्याही आधी अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) देशभरच्या तीर्थांच्या ठिकाणी घाट आणि धर्मशाळा बांधल्या. म्हणजे परक्या गावी आलेल्या माणसाला छप्पर देणे ही आपल्याकडे जुनीच रीत होय. फरक एवढाच की पूर्वी प्रवासी तीर्थाला जात. आज ते रुग्णालयाला आणि परीक्षाकेंद्राला जातात.

त्या अनुभवानंतर आम्ही एक नियम केला. परगावी जाताना आधी ‘भाडे किती’ असे विचारू नये. ‘ही जागा कोणी बांधली आणि कोणासाठी बांधली’ असे विचारावे. ज्याच्यासाठी ती जागा बांधली त्या वर्गात आपण बसत असू, तर भाडे आपोआपच आपल्या आवाक्यातले असते. या नियमाच्या आधारे आम्हांस लाभलेल्या काही जागा आपल्यापुढे ठेवतो. दर मुद्दामच सांगत नाही. ते बदलत असतात.

प्रथम रेल्वेची विश्रामगृहे. मोठ्या स्थानकांवर प्रवाशांसाठी खोल्या आणि सामायिक दालनातील खाटा असतात. निश्चित तिकीट हाती असले की त्यांची नोंदणी आता घरबसल्या संगणकावर वा फोनवर करता येते. मुलाखतीस एकट्याने जाणाऱ्या तरुणास अथवा पहाटेची गाडी पकडणाऱ्या कुटुंबास याहून सोयीचे काही नाही. मुक्काम मात्र एक-दोन दिवसांचाच; तेथे बिऱ्हाड थाटता येत नाही.

याच रेल्वेच्या आवारात अलीकडे एक नवलाईची वस्तू आली आहे. मुंबई सेंट्रल स्थानकात नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘पॉड’ पद्धतीचे निवासस्थान सुरू झाले. एकावर एक रचलेल्या पेट्यांसारख्या अठ्ठेचाळीस खोल्या; आत गादी, दिवा आणि थंड हवा. ही कल्पना मूळची जपानची. तेथे ओसाका शहरात १९७९ साली असे पहिले हॉटेल निघाले. आमच्या चिरंजीवांना ते फार आवडले. सौभाग्यवतींनी मात्र एकदा आत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, “लोणच्याच्या बरण्या ठेवायला फडताळ बरे आहे!” तात्पर्य, तरुणांनी जरूर अनुभव घ्यावा, गुडघे दुखणाऱ्यांनी वरची पेटी घेऊ नये.

दुसरा वर्ग सरकारी निवासस्थानांचा. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी निरनिराळ्या शहरांत फिरतीच्या अधिकाऱ्यांची वसतिगृहे आणि सुटीची निवासस्थाने आहेत. आपल्यात अनेकजण केंद्राच्या सेवेत असूनही त्यांची चौकशी करीत नाहीत. कलकत्त्यात अशी सोय निजाम पॅलेस या नावाच्या जागेत आहे. गॅलस्टन नामक आर्मेनियन धनिकाने बांधलेला तेथील प्रासाद पुढे हैदराबादच्या निजामाने विकत घेतला आणि कालांतराने तेथे सरकारी कचेऱ्या आल्या. निजामाच्या वास्तूत एखादा कारकून माफक भाड्यात घोरत पडावा, ही लोकशाहीची किमयाच म्हणावयाची!

तिसरा वर्ग संस्थांच्या अतिथिगृहांचा. कलकत्त्यातच भारत सेवाश्रम संघाकडे यात्रेकरूंची सोय होते, आणि गोलपार्क येथील रामकृष्ण मिशनच्या संस्कृतिसंस्थेत अभ्यासकांसाठी अतिथिगृह आहे. दिल्लीत चाणक्यपुरीत यूथ हॉस्टेल आहे. जर्मनीतील एका शिक्षकाने, रिचर्ड शिरमान यांनी, आपल्या विद्यार्थ्यांच्या पदयात्रांसाठी आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात १९१२ साली मुक्कामाची कायम सोय केली, आणि तीच कल्पना पुढे जगभर पसरली. गडकिल्ल्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपण मराठी माणसांना ही गोष्ट विशेष रुचावी.

चौथा आणि आपल्या जिव्हाळ्याचा वर्ग मराठी संस्थांचा. दिल्लीत पहाडगंज भागात बृहन्महाराष्ट्र भवन आहे. कलकत्त्यास हाजरा रस्त्यावर महाराष्ट्र निवास आहे. दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरील नवे महाराष्ट्र सदन २०१३ पासून उभे आहे. पण ते सरकारी असल्याने तेथे मंत्री आणि अधिकाऱ्यांचा हक्क आधी, आपला नंतर. खरा आधार वाटतो तो मंडळांच्या खोल्यांचा. पलंग साधा, भिंतीवर शिवछत्रपतींची तसबीर, आणि ‘कोण गावचे?’ म्हणून विचारणारा कोणीतरी. एवढ्याने अर्धा शीण जातो. मुक्कामाच्या जागेचे मोठेपण तिच्या खांबांवर नसते. मुंबईस क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे एक उतरण्याचे ठिकाणच होते. लोकमान्य तेथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच.

आता अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. निघण्यापूर्वी फोन करून जागेची खात्री करावी आणि ज्याच्याशी बोललो त्याचे नाव टिपून ठेवावे. घरातील प्रत्येकाचे ओळखपत्र आणि रुग्णाचे सर्व कागद, प्रतींसह, बरोबर घ्यावेत. अनेक धर्मशाळांत कागदाविना प्रवेश नाही. दार रात्री किती वाजता बंद होते ते आधीच विचारावे, म्हणजे उशिराच्या गाडीने आल्यावर पायरीवर बसण्याची वेळ येत नाही. स्वतःची चादर आणि कुलूप असावे. खोली पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत आणि पावतीवाचून तर मुळीच देऊ नयेत. आणि निघताना खोली आपण आलो त्याहून स्वच्छ करून जावे. तेथे नोकर कमी असतात आणि मागून येणारा आपल्याइतकाच गांजलेला असतो.

इतके सांगून झाल्यावर एक अवघड गोष्ट बोलावयाची आहे आणि वस्तुतः त्यासाठीच आम्ही हा विषय निवडला. आपल्या सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहाच्या वरचा मजला बांधण्याचा विचार चालू आहे. बहुतेकांच्या मते तेथे लग्नकार्यासाठी दुसरे वातानुकूलित दालन व्हावे. त्यातून मंडळाला उत्पन्न होईल. उत्पन्न होईल, हे खरे. पण आज रायपूर हेही मोठे शहर झाले आहे. टाटीबंधला २०१२ पासून एम्स आहे. नवा रायपुरात सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात आणि तेथे दूरदूरच्या प्रांतांतून आईबाप लेकरे घेऊन येतात. गोंदिया-आमगावकडचे लोकही उपचारासाठी इकडे येतात. त्यांच्यापैकी कोणी स्थानकाबाहेर दलालाच्या हाती सापडत असेल. कोणी रात्री बायकोला म्हणत असेल, “परत जाऊ या.”

वरच्या मजल्यावर दालनाबरोबर दोनच खोल्या काढाव्यात, प्रत्येकीत चार खाटा, एक मोरी आणि एक चूल, एवढेच आमचे मागणे आहे. कोणी म्हणतील, देखरेख कोण करणार? गैरवापर झाला तर? शंका रास्त आहेत. रुग्णालयाचा कागद पाहून प्रवेश, दिवसांची मर्यादा, नाममात्र भाडे आणि पाळीपाळीने एक कार्यकर्ता, एवढ्या नियमांवर हे काम चालू शकेल. आणि जागा केवळ मराठी माणसासाठी राखू नये. दादरला आमच्या शेजारच्या खाटेवर बिहारचे एक गृहस्थ होते आणि दादांना रात्री उलटी झाली की उठून पाणी देणारे तेच असत.

त्या उपचारानंतर दादा सहा वर्षे जगले. दरवर्षी दिवाळीच्या आधी ते धर्मशाळेच्या नावे थोडीशी रक्कम पाठवीत. त्यांच्या मागे ती पाठवणे आम्ही चालू ठेवले आहे. पण मनातल्या मनात आम्ही जाणतो की त्याने ते ऋण फिटत नाही. ज्याने आपल्याला छप्पर दिले त्याला परत काही देता येत नाही. देता येते ते आपल्या दारी आलेल्या पुढच्या माणसाला. गेल्या पन्नास वर्षांत आपल्यातील किती कुटुंबे दुसऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांत निजली असतील, याचा हिशेब आज प्रत्येकाने घरी जाऊन करावा आणि मग पुढील सभेत मत द्यावे.