दंडाच्या मापाचा पट्टा



शिंप्याकडे सदरा शिवावयास दिला, तर तो आधी टेप काढून माप घेतो. परंतु रक्तदाब तपासताना ज्या दंडाला पट्टा गुंडाळावयाचा, त्याचे माप घेतलेले आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? या साध्या गोष्टीविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आमच्या मये गावात माडावर चढून नारळ पाडणारे एक गृहस्थ माझे शेजारी आहेत. जन्मभराच्या कष्टाने त्यांचे दंड पीळदार झालेले. एका तपासणीत त्यांचा वरचा रक्तदाब १४८ भरला. पंधरा दिवसांनी पुन्हा जवळजवळ तितकाच. ते मला म्हणाले, "मास्तर, आता गोळी घ्यावी लागणार. ती मानवली नाही आणि माडावर भोवळ आली, तर?" प्रश्न पोटाचा होता, तसाच जिवाचाही होता. तिसऱ्या खेपेस डॉक्टरांनी आधी दंडाला टेप लावली. घेर ३७ सेंटिमीटर निघाला. मोठा पट्टा बांधून पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर दोनदा मोजले, तेव्हा आकडा १३६ वर आला. गोळी तूर्त टळली. मीठ कमी करून महिन्याने पुन्हा येण्यास सांगण्यात आले.

असे का व्हावे? पट्ट्याच्या कापडात रबरी पिशवी असते. तिच्यात हवा भरली की दंडातील धमनी दाबली जाऊन रक्ताचा प्रवाह थांबतो. हवा सोडताना ज्या दाबाला प्रवाह पुन्हा सुरू होतो, तो वरचा आकडा. जाड दंडावर पिशवी अरुंद वा आखूड पडली, तर तिचा दाब आतल्या धमनीपर्यंत पुरता पोचत नाही. मग अधिक हवा भरावी लागते आणि तो जादा दाब रक्ताच्या खाती मांडला जातो. उलट, बारीक दंडावर पट्टा मोठा झाला, तर आकडा खऱ्याहून कमी दिसतो.

हे ज्ञान नवे नव्हे. १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधावयाचा पट्टा प्रचारात आणला. तो जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्टा आकडा फुगवितो, हे जर्मनीच्या फोन रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ सालीच दाखवून दिले. २०२३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९५ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता, त्यांचा वरचा आकडा नेहमीच्या पट्ट्याने सरासरी १९.५ने अधिक आला. मोठा पट्टा हवा असणाऱ्यांचा ४.८ने अधिक, तर लहान पट्टा हवा असणाऱ्यांचा ३.६ने कमी.

हा शेवटचा आकडा लहान म्हणून सोडून देऊ नये. आपल्या घरांतील वृद्ध माणसे पुष्कळदा काटकुळी असतात. ज्याचा रक्तदाब फुगून दिसतो, त्याची निदान पुन्हा तपासणी तरी होते. ज्याचा झाकला जातो, तो "सारे ठीक आहे" असे ऐकून समाधानाने घरी परततो.

मग आपण काय करावे? खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर टेप लावून दंडाचा घेर मोजावा. पिशवीची लांबी या घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी. सातवीतल्या मुलालाही हे गणित जमेल. घरच्या यंत्राच्या पट्ट्यावर तो किती घेरासाठी आहे, ते सेंटिमीटरमध्ये छापलेले असते. यंत्र विकत घेण्यापूर्वीच ते वाचावे. पट्टा बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर बांधावा. मात्र हे ऐकून कोणीही चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पुढच्या तपासणीस जाल, तेव्हा विनयाने एवढेच विचारा, "डॉक्टर, हा पट्टा माझ्या दंडाच्या मापाचा आहे ना?"

विचारण्यात संकोच कसला? सदऱ्याचे माप चुकले तर तो उसवून पुन्हा शिवता येतो. येथे चुकलेल्या मापावर माणसाचे औषध ठरते.