सोडून दिलेला मासा आणि श्रावकाचे अहिंसाणुव्रत



मासेमारीचा विषय निघाला की जैन कुटुंबात तो परक्यांचा विषय मानला जातो. ज्या घरात पाणी गाळून वापरले जाते आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते, त्या घराचा गळाशी संबंध काय, असा प्रश्न सहज उमटतो. परंतु काळ बदलला आहे. गुलमंडीतील व्यापाऱ्याचा मुलगा शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईस जातो, परदेशीही जातो. तेथे सुटीच्या दिवशी मित्रमंडळी तळ्याकाठी छंद म्हणून गळ टाकतात. मुंबईच्या पवई तलावावर तर या छंदाची संघटनाही आहे. मासा पकडावा, त्याचे छायाचित्र काढावे आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडावे, ही या छंदाची सभ्य समजली जाणारी रीत होय. ‘मासा मारला नाही, खाल्ला नाही, मग दोष कोणता?’ असे तो तरुण विचारतो. प्रश्न प्रामाणिक आहे. केवळ रागावल्याने त्याचे उत्तर मिळत नाही.

हे उत्तर शास्त्रकारांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. येथे वध म्हणजे ताडन. हे पाचही अतिचार जिवंत प्राण्याच्या बाबतीतले आहेत. प्राण घेणे हा तर व्रताचा भंगच. गळाचा काटा ओठात शिरतो तो छेद आणि दोरीने मासा खेचून धरला जातो तो बंध. म्हणून जीव वाचला तरी दोष टळत नाही. शिवाय मासा हा जलचर पंचेंद्रिय तिर्यंच आहे. दिगंबर परंपरेत भगवान अरनाथांचे लांछन मत्स्य आहे, तर श्वेतांबर परंपरेतील अष्टमंगलात मत्स्ययुगुलाला स्थान आहे. गळाला आमिष म्हणून लावलेले गांडूळ हाही द्वींद्रिय जीव आहे. त्याला तर कोणी सोडून देत नाही.

आधुनिक विज्ञानानेही या दिशेने पावले टाकली आहेत. २००३ मध्ये ब्रिटनमधील लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखविले. ओठात आम्ल टोचलेले मासे तळातील खडीवर ओठ घासू लागले आणि बराच वेळ अन्नाला शिवले नाहीत. ही वेदना माणसासारखी असते काय, याविषयी शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. मात्र सोडलेला मासा सुखरूपच राहतो, असे म्हणता येत नाही. झुंजीने तो थकतो आणि पाण्याबाहेर त्याचे कल्ले मिटून श्वास कोंडतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन प्रयोगात थकविलेले ट्राउट हवेत ३० सेकंद धरल्यावर ३८ टक्के, तर ६० सेकंद धरल्यावर ७२ टक्के मेले. सर्व जातींना आणि सर्व पाण्यांना हे प्रमाण लागू पडत नाही. तरीही छायाचित्रासाठी लागणारा एक मिनिट माशाला किती महाग पडू शकतो, हे त्यातून कळते. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांनुसार सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडण्यास मनाई केली आहे. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही ‘प्राणी’ या शब्दात मनुष्येतर प्रत्येक सजीव येतो.

उदरनिर्वाहासाठी नाथसागरात जाळे टाकणाऱ्या भोई बांधवांचा न्यायनिवाडा करण्यासाठी हे विवेचन नाही. प्रश्न करमणुकीचा आहे. प्रयोजनाविना केलेल्या हिंसेला शास्त्राने अनर्थदंड म्हटले आहे, आणि हिंसेची साधने दुसऱ्याला देणे हा हिंसादान नावाचा त्याचाच प्रकार आहे. मुलाच्या वाढदिवसाला गळ-काठी भेट देणारा गृहस्थ स्वतः तळ्यावर गेला नाही, तरी या विचारातून सुटत नाही.

छंदी मंडळींची बाजूही ऐकली पाहिजे. सुरुंग आणि विष यांनी मासे मारणाऱ्यांपासून त्यांनी काही नद्या राखल्या, हे खरे आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात दख्खनी महाशीरची पैदास झाली, हेही मोठे काम होय. परंतु तेथील पिल्ले पुढे कावेरीतही सोडली गेली. गळाने मासे धरणाऱ्यांच्याच १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासून संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविले की, तेथे हा परका महाशीर वाढला आणि कावेरीचा स्वतःचा मोठा महाशीर घटला. २०१८ मध्ये त्या मूळ माशाची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन कोणत्याही तळ्यात सोडणाऱ्या जीवदयाप्रेमींनीही हे ध्यानात घ्यावे. अभयदानालाही विवेक लागतो.

मग पाण्याकाठी जाण्याचा आनंद सोडावा काय? मुळीच नाही. महाडजवळ वाळण कोंड येथे वरदायिनी देवीच्या आश्रयाने, तर वाड्याजवळ वैतरणेत तिळसे येथे तिळसेश्वराच्या आश्रयाने मासे राखलेले आहेत. कोणी त्यांना धरत नाही. लोक काठावर उभे राहून त्यांना पाहतात आणि लहान मुलेही तेवढ्याने हरखून जातात. त्या गावांनी ग्रंथ न वाचताही अहिंसाणुव्रताचा एक भाग पाळला आहे. श्रावकाच्या घरातील तरुणाने इतकेच करावे : मित्रांसोबत तळ्यावर अवश्य जावे, परंतु हाती गळ घेऊ नये, कोणी कारण विचारलेच तर न रागावता छेद या एका शब्दाचा अर्थ सांगावा.