मेलेल्याचं पुढे काय होतं?

(वसंत व्याख्यानमालेत माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय 'परिसंस्थेची मूलतत्त्वं'. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड ही साखळी झोपेतून उठवून विचारली तरी तुम्ही सांगाल. उत्पादक, भक्षक, अन्नजाळं हेही झालेलं आहे. त्यात वेळ घालवत नाही. मी इथे एकच गोष्ट सांगायला आलोय. हा विषय आपण चुकीच्या टोकाकडून शिकवायला घेतो. गवतापासून सुरू करतो, वाघापाशी थांबतो. सुरुवात मेलेल्यापासून करायला हवी.

पुस्तकातलं चित्र डोळ्यांसमोर आणा. मधोमध वाघ, हरिण, झाडं. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जागा उरली म्हणून काढल्यासारखी, दोन-तीन अळंब्यांची टोपरी. खाली लिहिलंय 'विघटक'. परीक्षेत त्यांना एक गुण. आता मला सांगा, वाघ मेला तर त्याला कोण खातं?

(एक मुलगा : "फॉरेस्टवाले जाळतात!" हशा.)

हसू नका, बरोबर सांगितलं त्यानं. कातडं, नखं, हाडं तस्करांच्या हाती लागू नयेत म्हणून वनखातं मेलेल्या वाघाचं दहन करतं. पण जंगलात रोज मरणाऱ्या बाकीच्यांना कोणी जाळत नाही. जंगलातल्या हिरव्या पाल्यापैकी जिवंतपणी खाल्ला जातो तो फार थोडा. उरलेला सगळा वाळून, गळून जमिनीवर येतो. म्हणजे जंगलातला मोठा व्यवहार हरिण आणि वाघ यांच्यात होतच नाही, तो पायाखालच्या पाचोळ्यात होतो. सूर्याची ऊर्जा येते, वापरली जाते, उष्णता होऊन निघून जाते. ती परत येत नाही. नत्र, स्फुरद, पालाश मात्र तेच ते फिरत राहतात. फिरवतं कोण? बुरशी, जिवाणू, गांडुळं, वाळवी. ती थांबली तर झाडाच्या मुळांना द्यायला जमिनीकडे काही उरणार नाही.

हे मी आज नव्यानं सांगत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रेमंड लिंडमन नावाचा तरुण एका लहानशा तळ्याचा अभ्यास करत होता. कोण कोणाला खातं आणि ऊर्जा किती पुढे जाते, याचा हिशेब त्यानं मांडला. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर ढोबळमानानं दहावा भाग जातो असं तुम्ही शिकता, त्या विचाराचा पाया त्याच्या कामात आहे. लेख १९४२ साली छापून आला, तेव्हा तो हयात नव्हता. सत्ताविशी गाठण्याआधीच गेला. त्या लेखातली आकृती मुद्दाम बघा. तळ्यातले सगळे जीव भोवती आहेत, बाण सगळीकडून निघालेत, आणि मधोमध लिहिलंय, गाळ. तळाशी साचलेला, कुजणारा गाळ. त्यानं तो मध्यावर ठेवला होता. आपण उचलून कोपऱ्यात नेला.

आता एक प्रश्न. गिधाड कोणी प्रत्यक्ष पाहिलंय? चित्रात नाही, आभाळात. हात वर करा.

बघा मुलांनो, मागे वळून बघा. खुर्च्यांवरच्या गावकऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचे हात वर आहेत आणि पुढे सतरंजीवर तुमच्यातला एखाददुसरा. हात वर केलेले तुम्ही म्हसळ्याकडचे का? वाटलंच. रायगडात त्या बाजूला अजून त्यांची घरटी आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो.

१९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा बहुधा जगातला सर्वांत मुबलक मोठा शिकारी पक्षी होता. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की घटकाभरात आभाळ भरायचं. ते जनावर ओढून नेण्याचं काम जातीनं ज्यांच्या माथी मारलं होतं त्यांनी ते नाकारलं, हे योग्यच झालं. त्यावर अधिकारानं बोलणारे वक्ते परवा याच व्यासपीठावर येत आहेत. मी पक्ष्यांपुरतं बोलतो. १९९०च्या दशकात राजस्थानात भरतपूरला पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की गिधाडं कमी होताहेत. माना खाली टाकून फांदीवर बसलेली दिसत, मग मरून पडलेली सापडत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारातलं एक उरलं. हजारातलं एक!

कारण कळायला २००४ साल उजाडलं. शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासली. आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. पक्ष्यांच्या शरीरातला टाकाऊ नत्र युरिक आम्लाच्या रूपात बाहेर पडतो. त्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. मूत्रपिंड बंद पडलं की तो आतच साचतो. आणि मूत्रपिंड बंद पाडत होतं डायक्लोफेनॅक, गुरांच्या दुखण्यावर टोचलं जाणारं स्वस्त औषध. टोचल्यावर जनावर लवकरच मेलं, तर औषध मांसात उरतं.

आता गणित करा. शंभरातलं एकच मढं विषारी आहे असं धरू. अभ्यासकांच्या मते प्रत्यक्षातलं प्रमाण त्याहूनही कमी असलं तरी हा ऱ्हास व्हायला पुरेसं होतं. गिधाड तीन दिवसांतून एकदा जेवतं असं धरा. वर्षाची जेवणं किती? एकशेवीसच्या आसपास. म्हणजे वर्षभरात त्या एका मढ्याशी गाठ पडण्याचीच शक्यता जास्त. शिवाय गिधाड एकटं जेवत नाही, एका मढ्यावर थवाच्या थवा उतरतो. मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. कुठल्याही प्राण्याची संख्या का टिकते आणि का कोसळते, हे समजायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. हे गणित नववीच्या पुस्तकात असायला हवं. लोकसंख्येचा आलेख काढायला लावून मुलांना पर्यावरण समजत नाही, अशा हिशेबातून समजतं.

मागून कोणी तरी म्हणतंय, वक्ते विषय सोडून गिधाडांत रमले. मी विषय सोडलेला नाही. हाच विषय आहे. आणि शेतकऱ्याला किंवा जनावरांच्या डॉक्टरला मी दोष देतोय असं कोणी समजू नये. लंगडणाऱ्या बैलाचं दुखणं कमी करायला माणूस हाताशी असलेलं औषध देणारच.

पुढे काय झालं तेही ऐका. मढी पडून राहिली, कुजली, कुत्र्यांचं फावलं. कुत्री वाढली तशी रेबीजची भीती वाढली. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र की बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात. कुत्र्याचं तसं नाही, ते रोग घेऊन गावात परततं. आयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली अभ्यास प्रसिद्ध केला. गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. कोपऱ्यात काढलेल्यांची ही किंमत आहे, आणि म्हणून मी इतका पोटतिडकीनं बोलतोय.

सरकारनं २००६ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध आहे. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ साली एका बाटलीत तीन मिलिलिटरहून जास्त औषध असू नये असा नियम झाला. २०२३ साली अॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनही गुरांसाठी बंद झाली. घरी गुरं असतील तर इंजेक्शनची बाटली हातात घेऊन नाव वाचा. हे तुम्ही आजच करू शकता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत. वाळवीबद्दल अर्धा तास बोलायचं ठरवून आलो होतो. आता एवढंच सांगतो की आपल्या वारुळातली वाळवी आत बुरशीची शेती करते, आणि पावसाळ्यात वारुळावर उगवणारी जी अळंबी आपण चवीनं खातो ती त्याच बुरशीची. ती काढताना वारूळ खणू नका. देवराईतला पाचोळा का उचलत नाहीत, हेही राहिलं.

एक काम मात्र देऊन जातो, ते राहू देणार नाही. सागाची वाळलेली पानं घ्या. वीस-वीस ग्रॅमचे दहा वाटे करा. पाच वाटे जुन्या मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्यांत शिवा, पाच कांद्याबटाट्याच्या मोठ्या भोकांच्या जाळीत. पहिल्या प्रकारात गांडुळं आणि मोठे किडे शिरणार नाहीत, बुरशी आणि जिवाणू शिरतील. दुसऱ्यात सगळेच शिरतील. जून लागला की शाळेच्या कुंपणाकडेला, सावलीत, पाचोळ्याखाली ठेवा. दर महिन्याला प्रत्येक प्रकारातली एक पिशवी उघडा, पानांची माती हलक्या हातानं धुवा, पानं खडखडीत वाळवा आणि वजन करा. वजन चहापत्तीच्या दुकानातल्या काट्यावर नको, प्रयोगशाळेतल्या तराजूवर.

हो, मॅडम, तराजूची किल्ली तुमच्याकडे असते हे मला सांगितलंय. (हशा.) जूनमध्ये ती मुलांना द्या, एवढी विनंती. पिशव्यांसाठी जुनी मच्छरदाणी मी आणली आहे, व्यासपीठाच्या डाव्या बाजूला ठेवली आहे. प्रत्येक शाळेला एक तुकडा पुरेल. कात्री कोणाकडे आहे?