मुक्या रुग्णांचे डॉक्टर
(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला एक कारकून. दरवर्षी या व्यासपीठावरून इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर आणि स्पर्धा परीक्षांची माहिती दिली जाते, आणि ती दिलीच पाहिजे. परंतु आज मी आपल्यापुढे एक वेगळा व्यवसाय मांडणार आहे. तो आहे पशुवैद्यकाचा, आणि त्यातही कुत्री-मांजरे यांसारख्या लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

काही जणांना हसू आले. येणारच. पण आपल्या अनेकांच्या घरी एक फोटो असतो, तो आठवा. फेब्रुवारी १९३४ मधला, राजगृहावरचा. बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत. आणि त्यांच्यापुढे एक कुत्रा आहे. त्याचे नाव टॉबी. ज्या घरात पुस्तकांना जागा कमी पडत होती, त्या घरात एका मुक्या जिवालाही जागा होती. आपण फोटोला हार घालतो, पण टॉबीकडे आपले लक्ष जात नाही.

आता हा विषय माझ्या घरात कसा आला ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीने बारावीनंतर नीटची परीक्षा दिली. एमबीबीएसला गुण थोडे कमी पडले, पण पशुवैद्यकीयला प्रवेश मिळत होता. घरात चर्चा सुरू झाली. माझे थोरले चुलते कारखान्यातून निवृत्त झालेले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आरं, बाबासाहेबांनी आपल्याला मेलेली ढोरं वढायचं सोडाया लावलं. आन् आता पोरीला पुन्हा ढोरांच्याच मागं धाडता व्हय?"

बंधू-भगिनींनो, त्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. चुलत्यांनी लहानपणी गावकीची कामे पाहिली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असे बजावले होते. तरी गावोगावची सक्ती सुटायला पुढे किती वर्षे लागली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. महार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणून चुलत्यांच्या प्रश्नाला मी अडाणीपणा म्हणणार नाही. तो जखमेतून आलेला प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना मला जे कळले, तेच आज सांगतो.

बँकेच्या नोकरीत पशुवैद्यकाशी माझी ओळख कागदावर झाली होती. चाकण, खेड भागातला शेतकरी म्हशीसाठी कर्ज मागायला येतो, तेव्हा जनावराच्या प्रकृतीचा दाखला डॉक्टर देतात. विम्यासाठी कानात बिल्ला मारला जातो. जनावर दगावले तर डॉक्टरांचा दाखला आणि तो बिल्ला नसेल तर विम्याचा दावा मंजूर होत नाही. म्हणजे एका शेतकऱ्याचा संसार त्या एका सहीवर उभा असतो.

या विद्येचा आपल्याकडचा इतिहासही मोठा आहे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. लष्कराला घोडे लागत, शेतीला आणि मालवाहतुकीला बैल लागत. १८८६ साली परळला, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. त्या काळी कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर ही चैन होती. आज त्याच मुंबईत, महालक्ष्मीला, टाटा न्यासांनी २०२४ मध्ये केवळ लहान प्राण्यांसाठी सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून रुग्णालय उभारले आहे.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येही हा बदल डोळ्यांदेखत झाला. इथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. ज्या वाड्या-वस्त्यांत गोठे होते, तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या. गोठ्यातली गाय गेली आणि तिसऱ्या मजल्यावर लॅब्राडोर आला. म्हातारा-म्हातारी घरी, मुलगा-सून शिफ्टला. मग सोबतीला कुत्रा असतो. शिवाय चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन ज्यांना भाकरी घालतात ती कुत्री आहेतच. नाशिक रस्त्यावर कंटेनरचा धक्का लागला की तोच वॉचमन त्यांना पोत्यात घालून टेम्पोने दवाखान्यात आणतो.

अशा एका डॉक्टरताईंच्या दवाखान्यात मी एक संध्याकाळ बसून राहिलो. त्या आपल्याच भागातल्या. एक गाळा, लोखंडी टेबल, वजनकाटा आणि लसींसाठी फ्रिज. माणसांच्या आजारांना वेगवेगळे तज्ज्ञ असतात. इथे फिजिशियन त्याच, भूल देणाऱ्या त्याच, सर्जन त्याच आणि एक्स-रे पाहणाऱ्याही त्याच. रुग्ण कुठे दुखते हे सांगत नाही, उलट चावतो. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि प्राण्यागणिक औषधही बदलते. आपण तापाला सहज घेतो ते पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर उठते. चॉकलेट कुत्र्याला बाधते. त्या संध्याकाळी एका घरातले लोक हौसेने मांजराला आपल्या डब्यातली गोळी देऊन आले होते. ते मांजर वाचले नाही. ताई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. पण ते गेल्यावर पाच मिनिटे त्या हात धूत उभ्या होत्या.

मी विचारले, "ताई, सर्वांत अवघड काय?" त्या म्हणाल्या, "दोन गोष्टी. कुत्र्याला एवढे पैसे कशाला, असे बिल पाहून म्हणतात ते. आणि बरा होण्यासारखा प्राणी, केवळ पैसे नाहीत म्हणून झोपवा असे सांगतात ते." असाध्य आजारात प्राण्याला शांत मरण देणे हा त्यांच्या कामाचा भाग आहे. माणसांच्या डॉक्टरवर हा प्रसंग येत नाही, यांच्यावर वारंवार येतो. ब्रिटन-अमेरिकेतील अभ्यासांत पशुवैद्यकांमधील आत्महत्येचे प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त आढळले आहे. म्हणून ज्याला नुसते कुत्र्याचे पिल्लू गोड दिसते, त्याने या क्षेत्राकडे येण्याआधी अशा दवाखान्यात चार दिवस बसून पाहावे.

आणि हा व्यवसाय फक्त हौशी श्रीमंतांसाठी आहे असे समजू नका. माझ्या मुलाला एकदा गल्लीतले कुत्रे चावले. मी पदवीधर माणूस, आणि मी जखमेवर हळद दाबून घरी बसलो. याच ताईंना कळले तेव्हा त्या धावत आल्या. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवायला लावली आणि म्हणाल्या, "दादा, पुढचा इलाज माझा नाही. आत्ताच्या आत्ता वायसीएमला जा." रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, मात्र वेळेवर लस आणि खोल जखमेला सीरम मिळाले तर रोग टळतो. पाश्चरने ही लस १८८५ मध्ये माणसाला टोचली, आणि तरीही आपण हळद शोधतो. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणारा पशुवैद्यक हा प्रत्यक्षात आपल्या वस्तीतल्या मुलांचा पहारेकरी आहे. झोपडपट्टीतल्या मुलाला त्याची गरज बंगल्यातल्या मुलापेक्षा जास्त आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता कामाची माहिती. बारावी विज्ञान शाखेतून भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन नीट परीक्षा द्यावी लागते. पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली झाले. त्याची महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. आपल्याला जवळचे शिरवळ, पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला. लहान प्राण्यांची शस्त्रक्रिया करायची तर पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेणे चांगले. दवाखानाच काढला पाहिजे असे नाही. लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते. महापालिका, प्राणिसंग्रहालये, कुक्कुटपालन, औषध कंपन्या, लष्कराचे पशुवैद्यकीय दल आणि बँकाही या पदवीधरांना घेतात.

पैशाचे म्हणाल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळण्याची योजना आहे, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. अर्ज भरताना अडचण आली तर माझ्याकडे या. एवढे एक काम मला नीट येते. मात्र खरे तेही सांगतो. स्वतःचा दवाखाना उभा करायला भांडवल लागते, आणि सुरुवातीची काही वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात कमी पगारावर काढावी लागतात.

शेवटी चुलत्यांच्या प्रश्नाकडे येतो. मेलेले ढोर ओढण्यासाठी शिक्षण लागत नव्हते. त्या घरात जन्मणे पुरेसे होते. नाही म्हणण्याची सोय नव्हती आणि मोबदल्यात तुकडा मिळत होता. पशुवैद्यकाला १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पदवी आणि नोंदणी लागते. तिथे जात चालत नाही, वशिला चालत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला जनावरापासून दूर केले नाही, गुलामीपासून दूर केले. माणूस स्वतः निवडतो, शिकतो आणि नावाची पाटी लावतो, तेव्हा त्या कामात कमीपणा कसला?

पुतणी शिरवळला गेली. गेल्या दिवाळीला घरी आली तेव्हा गल्लीतल्या एका कुत्र्याच्या कानात अळ्या झालेल्या तिला दिसल्या. ती म्हणाली, "आजोबा, मला अजून औषध द्यायचा अधिकार नाही. याला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे." चुलते काही बोलले नाहीत. उठले, टोपी घातली आणि रिक्षा बोलावून आणली. दवाखान्यात कुत्र्याचे डोके त्यांनीच धरून ठेवले होते. परत आल्यावर मला म्हणाले, "बिल मी दिलं. पोरीला सांगू नको."

मला वाटते, त्यांना उत्तर मिळाले होते.