संकेतस्थळ कोणासाठी?



सुवर्णमहोत्सवी वर्षात अनेक सेवाभावी संस्था दोन कामे आवर्जून हाती घेतात. स्मरणिका निघते आणि संकेतस्थळाला नवे रूप दिले जाते. स्मरणिकेत संस्थापकांच्या त्यागाचे व दात्यांच्या औदार्याचे स्मरण असणे उचितच आहे. संकेतस्थळाचे प्रयोजन मात्र निराळे आहे. तेथे येणारा बहुधा काही गरज घेऊन आलेला असतो.

विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम तारीख शोधतो. रुग्णाच्या नातेवाइकास वैद्यकीय साहाय्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची माहिती हवी असते. नगर-मनमाड मार्गावरून राहुरीकडे येणारे कुटुंब धर्मशाळेत खोली मिळेल का, सूर्यास्तापूर्वी भोजनशाळेत पोहोचता येईल का, हे पाहते. दात्याला पावती हवी असते. या सर्वांपुढे प्रथम उद्‌घाटनांची छायाचित्रे आणि समित्यांची नामावली आली, तर त्यात कोणाच्या हेतूचा दोष नसतो. संस्थेला आपले विभाग ठाऊक असतात; गरजवंताला केवळ आपली अडचण ठाऊक असते. तारीख वेळेवर सापडली नाही, तर एखाद्या मुलाचे वर्ष वाया जाऊ शकते.

या बाबतीत विकिपीडियाचे उदाहरण बोधप्रद आहे. तो चालविणारी विकिमीडिया फाउंडेशन ही देणग्यांवर चालणारी ना-नफा संस्था आहे. मराठी विकिपीडियाही 2003 पासून तिच्याच छत्राखाली आहे. या संस्थेने 2009 मध्ये नवख्या माणसांना संगणकापुढे बसवून लेखात दुरुस्ती करण्यास सांगितले आणि ती कोठे अडखळतात, याचे निरीक्षण केले. जुन्या स्वयंसेवकांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टींपाशीच नवखे थबकत होते. त्यावरून 2010 मध्ये मांडणी बदलली. जानेवारी 2023 मध्ये इंग्रजी विकिपीडियावर पुन्हा मोठा बदल झाला. डावीकडील यादीत दडलेली भाषानिवड लेखाच्या शीर्षकाशेजारी आली. इंग्रजी लेखावरून मराठी लेखाकडे वळू पाहणाऱ्या वाचकाचा त्यामुळे शोध वाचला. अनेक जुन्या जाणत्यांनी या बदलाला विरोधही केला. सरावलेल्या डोळ्यांना नवी मांडणी खुपते.

राहुरीकरांना ही रीत परकी नाही. येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 मध्ये स्थापन झाले. पिकाचे नवे वाण केवळ प्रयोगक्षेत्रावर चांगले आले, एवढ्याने भागत नाही. शेतकऱ्याच्या शेतावरही त्याची परीक्षा होते. संकेतस्थळाचे शेत म्हणजे सामान्य माणसाच्या हातातील मोबाइल.

म्हणून नव्या मांडणीला मंजुरी देण्यापूर्वी पाच जणांना बोलवावे : एक आजी, एक विद्यार्थी, एक दाता, एक परगावचा यात्रेकरू आणि एक दृष्टिहीन व्यक्ती. प्रत्येकाला त्याच्याच मोबाइलवर एक माहिती शोधावयास सांगावी. कोणी सुचवू नये. बोट कोठे थांबते, तेवढे टिपावे. सूचनापत्रकाचे नुसते छायाचित्र न लावता मजकूर युनिकोड मराठीत द्यावा; तो शोधता येतो आणि दृष्टिहीनांना वाचून दाखविणाऱ्या प्रणालीलाही उमगतो. प्रत्येक पानावर संपर्काचा दूरध्वनी व माहिती अद्ययावत केल्याचा दिनांक असावा. हे काम नेमून दिलेली एक व्यक्ती महोत्सवानंतरही राहावी.

विश्वस्तांची छायाचित्रेही अवश्य असावीत; मात्र ती आतील पानावर. पहिले पान गरजवंताचे असावे.

जय जिनेंद्र.